दिसणे आणि उमगणे

मोटारीचे टायर काळे का असतात? रबरात काजळी मिसळली की ते झिजेला सहजी दाद देत नाही, हे कारखानदारांना विसाव्या शतकाच्या आरंभीच अनुभवाने कळले होते. परंतु ती काजळी रबरात कशी बसते, हे कोणालाच दिसत नव्हते. तिचे कण बहुधा शंभर नॅनोमीटरांहूनही लहान; आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग! साध्या सूक्ष्मदर्शकाची धाव सुमारे २०० नॅनोमीटरांपाशी संपते, कारण प्रकाशाची लाटच त्या मानाने मोठी.

ही सीमा बर्लिनमध्ये ओलांडली गेली. १९३१ साली माक्स क्नोल व अर्न्स्ट रुस्का यांनी चुंबकी भिंगांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांच्या झोताकडून प्रतिमा मोठी करून घेतली आणि १९३३ मध्ये रुस्कांच्या यंत्राने साध्या सूक्ष्मदर्शकाला मागे टाकले. पुढच्या दशकात काजळीची छायाचित्रे निघाली. तिचे कण सुटे नसून परस्परांस जखडून वेड्यावाकड्या माळा करतात, हे त्यांत उघड झाले.

तथापि सगळेच असे डोळ्यांना दिसते असे नाही. १९५७ साली ब्रिस्टल येथे अँड्र्यू केलर यांनी पॉलिथिलीनच्या विरळ द्रावणातून पातळ पत्र्यांसारखे स्फटिक मिळविले. त्याच वर्षी फिशर आणि टिल यांनाही ते स्वतंत्रपणे मिळाले. पत्र्याची जाडी जेमतेम १० नॅनोमीटर. इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनावरून असे निघाले, की रेणूंचे धागे त्या जाडीच्या दिशेने उभे आहेत. पण धागे तर जाडीच्या कितीतरी पट लांब! हातभर उंचीच्या पेटीत दहा हात दोर उभा ठेवायचा, तर तो पुन:पुन्हा दुमडावाच लागेल. केलर यांनी हाच निष्कर्ष काढला. दुमड चित्रात दिसली नव्हती. ती विचाराने हाती आली.

याच्या उलटही घडले. १९५२ साली सोव्हिएत रशियातील रादुश्केविच व लुक्यानोविच यांनी कार्बनच्या पोकळ तंतूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली. लेख रशियन भाषेत, काळ शीतयुद्धाचा, आणि नळीच्या भिंतीतील थर स्पष्ट दाखविण्याइतकी त्या यंत्राची शक्ती नव्हती. जगाने फारसे लक्ष दिले नाही. १९९१ मध्ये जपानच्या सुमिओ इजिमा यांनी एकात एक बसलेल्या कार्बनच्या नळ्या दाखविल्या, आणि मग मात्र त्या प्लॅस्टिकात मिसळून नवे संमिश्र पदार्थ करण्याची जगभर धडपड सुरू झाली. दरम्यान यंत्रे सुधारली होती, आणि १९८५ साली कार्बनचा चेंडूसारखा रेणू सापडल्याने मनेही तयार झाली होती.

आजही संमिश्र पदार्थ तपासताना हा धडा विसरून चालत नाही. इलेक्ट्रॉन आरपार जावेत म्हणून काप सुमारे १०० नॅनोमीटर किंवा त्याहून पातळ घ्यावा लागतो. प्लॅस्टिक तर झोतानेच बिघडू लागते. शिवाय चित्रात येतो तो पदार्थाचा केवढासा अंश! तेवढ्यात कण सारखे पसरलेले दिसले, म्हणून सबंध पदार्थात ते तसेच असतील असे नव्हे. निरनिराळ्या जागचे अनेक काप पाहावे लागतात, दुसऱ्या कसोट्यांशी ताळा घ्यावा लागतो. यंत्र पुरावा पुढे ठेवते; त्याचा अर्थ लावण्याची जबाबदारी मात्र पाहणाऱ्याचीच राहते.