सातबारा आणि चेनसाहेबांच्या शंकरपाळ्या

ईआर डायग्राम म्हटलं की आठवतात कॉलेजातल्या चौकटी, त्यांच्यामधल्या शंकरपाळ्या आणि सबमिशनची धावपळ. पीटर चेन यांनी ही पद्धत मांडली १९७६ साली. त्याआधी १९७० मध्ये कॉड यांचं रिलेशनल मॉडेल आलं होतं. पण मंडळी, मुंबई इलाख्यात जमिनीची हक्कनोंदणी सुरू झाली ती १९०३ च्या कायद्याने! पुढे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने तीच परंपरा चालवली.

आता तलाठ्याचं दप्तर आपल्या चष्म्यातून बघू. जमिनीचा तुकडा ही एक एंटिटी. नुसता गट नंबर पुरत नाही, गावही लागतं. म्हणजे कॉम्पोझिट की. खातेदार ही दुसरी एंटिटी. एका गटात चार भाऊ, एका भावाचे तीन गट: सरळसरळ मेनी टू मेनी. गाव नमुना ७ हे नातं जमिनीच्या बाजूने दाखवतो, ८-अ खातेदाराच्या बाजूने. नमुना १२ मध्ये पिकं. जमीन आणि वर्ष सांगितल्याशिवाय त्या नोंदीला अर्थ नाही. सात आणि बारा मिळून सातबारा. आणि नमुना ६, फेरफार? तो चक्क ट्रॅन्झॅक्शन लॉग. खरेदी, वारस, बोजा, काहीही असो, आधी फेरफार मंजूर होणार, मग सातबारा बदलणार.

गोची पुढे आहे. हे मॉडेल शेतासाठी बनलं. कल्याण-डोंबिवलीत शेतं जाऊन इमारती आल्या, पण सातबाऱ्यात 'फ्लॅट' नावाची एंटिटीच नाही. आपला करारनामा दुय्यम निबंधकाकडे नोंदला जातो, मालमत्ता कर महापालिकेत भरतो, पण जमिनीच्या नोंदीत आपण कुठेच नसतो. तिथे सोसायटीचं नाव लागायला कन्व्हेयन्स, म्हणजे अभिहस्तांतरण, व्हावं लागतं. १९६३ च्या मोफा कायद्याने ती जबाबदारी बिल्डरवर टाकली. कित्येकांनी ती टाळली, म्हणून २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरण आलं: बिल्डर येवो न येवो, सोसायटीने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा.

डिझाइनमध्ये जी गोष्ट एंटिटी म्हणून धरली नाही, ती नोंदीपुरती अस्तित्वातच नसते. इमारत पाडून पुन्हा बांधायची वेळ आली की हे फार महागात पडतं. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. शहरात सिटी सर्व्हे झाला असेल तर मिळकत पत्रिका बघा. मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा आणि सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये विषय काढाच.