ओगुरीची गाडी : कुमानोची पायवाट आणि युनोमिनेचे उष्ण कुंड (थ्रेड)

जपानच्या किई द्वीपकल्पातील डोंगरांत, एका अरुंद ओढ्याच्या दोन्ही काठांवर युनोमिने हे लहानसे गाव वसले आहे. ओढ्यातून वाफा उठतात, हवेत गंधकाचा वास भरून असतो आणि सुमारे ९० अंशांपर्यंत तापलेल्या एका कुंडात लोक जाळीच्या पिशव्या सोडून अंडी उकडतात. कुमानोच्या डोंगरवाटा दोन-तीन दिवस तुडवून सुट्टीचा शेवटचा मुक्काम येथे करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. सामान बहुधा मोटारीने आधीच पोचलेले असते. ओढ्याकाठच्या लाकडी खोपटात ‘त्सुबोयु’ नावाचे कुंड आहे. त्यात दोन-तीन माणसे कशीबशी मावतात आणि स्नानाला अर्धा तास मिळतो. २००४ साली कुमानोच्या वाटा जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यात हे कुंडही आले.

मात्र ज्या कथेने या कुंडाची कीर्ती झाली, तिचा नायक येथे चालत आलाच नव्हता. त्याला ओढत आणले होते.

ही वाट प्रथम गाजली ती राजघराण्यामुळे. अकराव्या शतकाच्या अखेरीपासून निवृत्त सम्राट क्योतोहून कुमानोच्या वाऱ्या करू लागले. गो-शिराकावाने तीसहून अधिक वाऱ्या केल्या, गो-तोबाने २८. १२०१ साली गो-तोबाबरोबर गेलेला कवी फुजिवारा नो तेइका याची दैनंदिनी उपलब्ध आहे. तीत भक्तिभावाइतकीच थंडी, आजारपण आणि मुक्कामांच्या गैरसोयीची कुरकुर आढळते. दरबारी माणसाला तीन आठवड्यांची ती पायपीट सोसली नाही, हे प्रांजळपणे नोंदवल्याबद्दल इतिहासाने त्याचे आभारच मानावेत.

पुढे सरदार आले, सामुराई आले आणि सामान्य जनही आले. ‘कुमानोला निघालेल्या मुंग्यांची रांग’ असा वाक्प्रचारच जपानी भाषेत रुजला. या गर्दीमागे कुमानोचे एक वैशिष्ट्य होते. अनेक पवित्र पर्वतांवर स्त्रियांना बंदी असताना कुमानोचे दार त्यांना उघडे होते. कवयित्री इझुमी शिकिबू मंदिराच्या उंबरठ्याशी येऊन ऋतुकाळामुळे थबकली, तेव्हा स्वप्नात देवानेच तिला आत बोलावले, अशी आख्यायिका आहे. १२७४ साली इप्पेन हा भिक्षू येथे आला. शुद्ध-अशुद्ध, श्रद्धाळू-अश्रद्ध असा भेद न करता सर्वांना नामाच्या चिठ्ठ्या वाट, असा आदेश त्याला येथे मिळाल्याची त्याच्या पंथाची धारणा आहे.

ओगुरीची कथा याच मुशीतून घडली. कथेकरी ती गावोगाव गाऊन सांगत. प्रेयसी तेरुते हिच्या बापाने ओगुरीला विष घालून मारले. पाताळात एन्माने, म्हणजे आपल्या यमानेच, त्याला परत पाठवले, पण देह दिला तो आंधळा, बहिरा, मुका आणि हाडांचा सापळा झालेला. कुमानोच्या उष्ण पाण्यात याला न्हाऊ घाला, असा निरोप सोबत होता. फुजिसावाच्या एका साधूने त्याला गाडीवर घालून गळ्यात लाकडी पाटी अडकवली : ही गाडी जो एकदा ओढील त्याला हजार भिक्षूंच्या पूजेचे पुण्य, दोनदा ओढील त्याला दहा हजारांच्या.

मग वाटेवरचे अनोळखी लोक थोडीथोडी गाडी ओढत गेले. मिनो प्रांतात दासी होऊन राबणारी तेरुतेही त्यांतलीच एक. आपण कोणाला ओढतो आहोत हे ठाऊक नसताना मालकाकडून पाच दिवसांची रजा मागून तिने दोर खांद्यावर घेतला. जेथे गाडी चालेना, तेथे डोंगरातील तपस्व्यांनी त्याला पाठीवर घेतले. सात दिवसांच्या स्नानानंतर त्याचे डोळे उघडले, चौदा दिवसांनी कान, एकवीस दिवसांनी वाचा. एकोणपन्नासाव्या दिवशी तो पूर्ववत उभा राहिला.

ओगुरीच्या त्या देहात ऐकणाऱ्यांना कुष्ठरोगी दिसत असे. घराबाहेर काढलेले असे रोगी खरोखरच कुमानोची वाट धरत. गंधकाच्या पाण्याने कुष्ठरोग बरा होत नाही, हे आज आपण जाणतो. पण वाटेवर भिक्षा आणि रात्रीचा निवारा मागण्याचा हक्क यात्रेकरू या नात्याने त्यांना होता, आणि कथेच्या मुळाशी वैद्यकापेक्षा हा व्यवहार अधिक आहे.

आधुनिक राज्यसंस्थेला हे दृश्य लाजिरवाणे वाटले. १९०७ च्या कायद्याने भटक्या कुष्ठरोग्यांना उचलून रुग्णालयांत डांबण्यास आरंभ झाला. १९३१ मध्ये तो फास सर्व रुग्णांभोवती आवळला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर खात्रीचे औषध आले, तरी १९५३ च्या नव्या कायद्याने विलगीकरण चालूच ठेवले. तो रद्द व्हायला १९९६ साल उजाडले. २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने या धोरणाबद्दल सरकारला दोषी धरले, आणि सरकारने अपील केले नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २००३ मध्ये, त्याच कुमामोतो प्रांतातील एका उष्ण झऱ्यांच्या गावी, तेथील कुष्ठधामातील रहिवाशांची सहल मुक्कामाला जायची होती. सर्वजण केव्हाच बरे झालेले होते. इतर पाहुण्यांना त्रास होईल, असे कारण देऊन हॉटेलने खोल्या नाकारल्या. गदारोळ झाल्यावर हॉटेलने माफी मागितली, पण ती मनापासूनची नाही म्हणून रहिवाशांनी स्वीकारली नाही. तेव्हा कुष्ठधामावर पत्रांचा आणि दूरध्वनींचा वर्षाव झाला. त्यांतील बऱ्याच पत्रांत शिव्या होत्या, आणि त्या हॉटेलला नव्हत्या.