वाफेचा खातेबदल

घरी कॅपुचिनो करताना कॉफी बहुधा जमते, अडतं ते दुधापाशी. गॅसवर उकळलेल्या दुधाला येतात ते मोठाले बुडबुडे. कपात ओतेपर्यंत विरूनही जातात. कॅफेतला दाट, चमकदार फेस ही वाफेची करामत. पण कॉफीच्या यंत्रात वाफ आली ती दुधासाठी नव्हे. तिची नेमणूक कॉफीवर होती.

मिलानच्या लुइजी बेत्सेराने १९०१ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात बॉयलरमधल्या वाफेचा दाब गरम पाणी कॉफीच्या पुडीतून ढकलायचा. पुढे देसिदेरिओ पावोनीने ते पेटंट विकत घेतलं आणि १९०६ च्या मिलान प्रदर्शनात यंत्र लोकांसमोर आलं. गिऱ्हाईक उभं असतानाच कप तयार, याचंच नवल मोठं. चवीचं कौतुक करावं असं फार काही नव्हतं. दाब जेमतेम दीड-दोन बार. तो वाढवायचा तर बॉयलर आणखी तापवा, म्हणजे कॉफी करपलीच. वाफेचा दाब वाढवायचा आणि उष्णता नाही, हे जमत नाही.

ही गाठ सोडवली आकिल्ले गाज्जाने. मिलानमध्ये त्याचा स्वतःचा बार होता. पहिलं पेटंट १९३८ चं, मग युद्ध, आणि १९४७ मध्ये स्प्रिंगवर चालणारा दट्ट्या. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दबते. सोडला की ती दट्ट्या रेटते आणि पाणी आठ-नऊ बार दाबाने पुडीतून जातं. कॉफीवर तपकिरी-सोनेरी साय धरू लागली आणि गाज्जाने तिचीच जाहिरात केली. वाफेकडे आता दुधाचं एकच खातं उरलं. आज आपण कॅपुचिनो म्हणून पितो तो या खातेबदलानंतरचा.

घरातला मोका पॉट मात्र अजून बेत्सेराच्या काळात आहे. क्रुसिनाल्लोच्या अल्फोन्सो बियालेत्तीचं हे ॲल्युमिनियमचं अष्टकोनी भांडं १९३३ चं. कपडे उकळायच्या भांड्यात नळीतून वर चढणारं साबणाचं पाणी पाहून त्याला ते सुचलं, असं सांगतात. खालच्या भांड्यातला दाब पाणी वर ढकलण्यातच खर्ची पडतो; दुधाच्या वाट्याला काही येत नाही.

आपल्या लग्नांतलं 'एस्प्रेसो' यंत्र याच्या बरोबर उलट. तिथे वाफ सूं सूं करत दूध फेसाळते, पण कॉफी डब्यातली इन्स्टंट, वर चॉकलेट पावडर भुरभुरलेली. एस्प्रेसोचा थेंब नाही. मी ती दोनदा मागून पितो, तो भाग निराळा.

मोकावाल्याने वाफेची दोन कामं वाटून द्यावीत. तापवायला गॅस, हवा घुसळायला फ्रेंच प्रेस. थंड दूध मंद आचेवर ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवायचं. थर्मामीटर नसेल तर पातेल्याला हात जेमतेम लावता येईल इतपत. फेस धरून ठेवतात ती दुधातली प्रथिनं. ७० अंशांपुढे त्यांचं बिनसतं आणि दुधाला शिजल्याचा वास येतो. प्रेस निम्म्याहून कमी भरून दट्ट्या भराभर वरखाली करायचा, मग भांडं ओट्यावर आपटून मोठे बुडबुडे फोडायचे आणि दूध गोल घोळवायचं. थांबलात की फेस वर आणि दूध खाली, अशी फारकत सुरू होते. म्हणून मोका आधी उतरवून कॉफी कपात ओतून ठेवावी, आणि दुधाला हात नंतर घालावा.