एम.एड.ची अंतिम कसोटी : लघुशोधप्रबंध

बीड जिल्ह्यातील अध्यापक महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीने बी.एड. आणि एम.एड. हे दोन्ही अभ्यासक्रम एक वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले. या बदलाने अंतिम मूल्यमापनाचे स्वरूपही विस्तारले.

बी.एड.मध्ये पूर्वी वार्षिक पाठाचे मोठे दडपण असे. वर्गात मागच्या बाकावर परीक्षक बसलेले आणि फळ्यापाशी टाचणवही घेतलेला छात्राध्यापक, हे दृश्य अनेकांना आठवत असेल. नव्या नियमावलीने प्रत्यक्ष शाळेतील अनुभवाचा कालावधी 20 आठवड्यांपर्यंत वाढविला. छात्रसेवाकालासाठी 90 टक्के उपस्थिती आवश्यक ठरविली.

एम.एड. हा भावी अध्यापकाचार्यांचा अभ्यासक्रम होय. लेखी परीक्षांबरोबरच विद्यार्थ्याला लघुशोधप्रबंध सादर करावा लागतो व मौखिक परीक्षेत त्याचे समर्थन करावे लागते. समस्येची निवड, संशोधन आराखडा, संबंधित साहित्याचा आढावा, न्यादर्श, माहितीचे संकलन, विश्लेषण आणि निष्कर्ष हे त्याचे नेहमीचे टप्पे आहेत.

यांपैकी न्यादर्शाचा टप्पा बीडमध्ये विशेष कसोटीचा ठरतो. जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुले आईवडिलांबरोबर जातात, काही आजी-आजोबांकडे वा हंगामी वसतिगृहात राहतात. परिणामी सप्टेंबरमध्ये पूर्वचाचणी दिलेला वर्ग डिसेंबरच्या उत्तरचाचणीला पूर्ण भेटेलच असे नाही. उरलेल्या मुलांच्या गुणांवरून एखादी अध्यापन पद्धती यशस्वी ठरविली, तर ज्यांचे शिक्षण सर्वाधिक धोक्यात आहे तीच मुले निष्कर्षातून वगळली जातात.

यावर उपाय आहेत. प्रायोगिक संशोधन करावयाचे असल्यास दोन्ही चाचण्या दिवाळीपूर्वी पूर्ण होतील असे वेळापत्रक आखता येते. ते शक्य नसल्यास किती मुले गळाली आणि पूर्वचाचणीत त्यांचे गुण काय होते, हे स्वतंत्र कोष्टकात द्यावे. प्रबंधात ‘मर्यादा व परिमर्यादा’ असा भाग असतो. संशोधकाच्या नियंत्रणाबाहेरील बाब म्हणजे मर्यादा, तर त्याने स्वतः आखून घेतलेले क्षेत्र म्हणजे परिमर्यादा. स्थलांतर टाळता येत नाही म्हणून ते मर्यादेत नोंदवावे. मात्र त्याची पूर्वकल्पना असल्याने आराखड्यातही त्याचा विचार दिसावा. बाह्य परीक्षकाने या मुलांविषयी विचारल्यास उत्तर प्रबंधातच असावे.

पदवीनंतरही परीक्षा संपत नाहीत. पहिली ते आठवीच्या शिक्षकपदासाठी शिक्षक पात्रता परीक्षा असते. राज्यात ती प्रथम 2013 मध्ये झाली. 150 गुणांच्या या परीक्षेत खुल्या प्रवर्गासाठी 60 टक्के गुण आवश्यक असतात. शिक्षक भरतीसाठी 2017 पासून अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीही घेतली जाऊ लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट 2023 च्या निकालानुसार पहिली ते पाचवीसाठी केवळ बी.एड. ही अर्हता ग्राह्य नाही.

या चाचण्यांत उत्तर ठरलेले असते. लघुशोधप्रबंधात मात्र प्रश्नही विद्यार्थ्यालाच शोधावा लागतो. बीडमध्ये तो प्रश्न अनेकदा हजेरीपटावरील रिकाम्या रकान्यांतच असतो.