तळटीप १४ : ‘पथकाने दिलेले दोन कागद’

१४. पथक : राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते तपासणी पथक. कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. हे पथक शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुले तपासते. पुढील तपासणीसाठी मूल जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.

दोन कागद : एकाच प्रश्नावलीच्या घरासाठी व शाळेसाठी केलेल्या प्रती. ‘दप्तरातल्या वस्तू हरवतो’, ‘प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देतो’ अशा विधानांपुढे आईवडील व गुरुजी ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत खुणा करतात. अवधान-न्यूनता व अतिचंचलता (एडीएचडी) ठरवणारी रक्तचाचणी नाही, म्हणून या खुणांना मोल. २०१३च्या अमेरिकी निकषांनुसार मुलांत अवधान-न्यूनता वा अतिचंचलता यांपैकी एका गटातील नऊपैकी किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली, काही बाराव्या वर्षाआधीची व दोन ठिकाणी दिसणारी हवीत, आणि त्यांमुळे अभ्यासात किंवा वागण्यात अडचण यायला हवी. केवळ वर्गात दिसणारी चुळबुळ पुरेशी नाही; फळा नीट न दिसणे, कमी ऐकू येणे, अपुरी झोप, वाचनातील अडचण आधी तपासावी लागते. कागद म्हणजे निदान नव्हे. निदान डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ मुलाला भेटूनच करतात. ‘वात्रट’ म्हणून छडी खाणाऱ्या मुलाला ही तपासणी मिळणे हा त्याचा हक्क आहे. — संपा.