दहा घाव

कोरियन भाषेत एक म्हण आहे : दहा घाव घातल्यावर पडत नाही असे झाडच नाही. म्हण चिकाटीची आहे. पण प्रेमात नकार मिळालेल्या तरुणाची समजूत घालताना ती तिकडे हटकून ऐकवली जाते. नाही म्हणाली? पुन्हा जा. पुन्हा नाही म्हणाली? आणखी एकदा जा. झाडाला काय वाटते, हे म्हणीत कुठे येत नाही. अशा पाठलागाला शिक्षा देणारा स्वतंत्र कायदा त्या देशात २०२१ च्या ऑक्टोबरात अमलात आला. तोवर तो किरकोळ अपराधांत मोडे आणि थोडाथोडका दंड भरून माणूस मोकळा होई.

दिवाळीच्या अंकात हे अरबट विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण विषय मी शोधून काढलेला नाही, तो चालत घरी आला. माझी एक जुनी विद्यार्थिनी, आता नोकरी करणारी, संसाराच्या उंबरठ्यावर असलेली, मला म्हणाली, "बाई, तुम्ही कादंबऱ्या लिहिता म्हणून विचारते. या कोरियन चित्रकथा बहुतेक बायकांनीच लिहिलेल्या, बहुतेक बायकाच वाचतात. नायक दोघेही पुरुष, गोष्ट त्यांच्या प्रेमाची. मग तिच्यात पानोपानी बळजबरी कशासाठी? आणि मला ती वाचवते कशी?"

पहिल्या प्रश्नाला इतिहास आहे, म्हणून मी तो शोधू लागले. मी मॅट्रिकपलीकडे शिकलेली नाही आणि कोरियन भाषा मला येत नाही. जे वाचले ते भाषांतरातून. या कथांना 'बॉइज लव्ह' म्हणतात, आणि सगळ्याच काही हिंसक नसतात. 'सिमँटिक एरर' ही महाविद्यालयातल्या दोन मुलांची गोष्ट २०२२ साली पडद्यावर आली. ती कोणाही आत्याबाईसमोर बसून पाहावी इतकी सोज्वळ आहे. पण फक्त प्रौढांसाठी म्हणून राखलेल्या कथांत बळजबरी इतकी ठरलेली असते, की जुन्या संगीत नाटकात नांदी असावी तशी.

या कथांचे माहेर कोरिया नव्हे, जपान. १९६१ साली मोरी मारी या लेखिकेने दोन पुरुषांच्या प्रेमाची एक कथा लिहिली. पुढे १९७० च्या सुमारास टोकियोतल्या एका जुनाट घरात ताकेमिया केइको आणि हागिओ मोतो या विशीतल्या दोन चित्रकर्त्या एकत्र राहिल्या आणि मुलींच्या मासिकांचे रूप त्यांनी पालटून टाकले. ताकेमियाची फ्रान्समधल्या वसतिगृहाची कथा १९७६ पासून छापून येऊ लागली. त्याआधी ती कितीतरी वर्षे संपादकांनी अडवून धरली होती. त्या कथेतला देखणा मुलगा लहानपणापासून घरच्याच माणसाच्या अत्याचाराखाली वाढलेला आहे. म्हणजे या वेलीच्या पहिल्या बहरातच हे दुःख आहे. पण तिथे ते दुःख म्हणूनच येते. मुलीची गोष्ट सांगायची तर ती मुलाच्या अंगावर घालून सांगा, म्हणजे वाचणारीला ती दुरून बघता येते, असा तो मार्ग होता. कादंबरी लिहिणारीला ही युक्ती सांगावी लागत नाही. स्वतःचे दुखणे आपण शेजारणीच्या नावावर सांगतोच की!

कोरियात जपानी चित्रकथांना १९९८ पर्यंत अधिकृत दार बंद होते. अर्थात दार बंद म्हणजे खिडकी उघडी. चोरून छापलेल्या प्रती सर्रास फिरत. त्याच दशकात शाळकरी मुली आपल्या लाडक्या गायकांच्या जोड्या लावून गोष्टी लिहीत आणि संगणकावरून एकमेकींना पोचवीत. १९९७ साली तरुणांच्या संरक्षणाचा कायदा आला आणि चित्रकारांवर खटले सुरू झाले. ली ह्यॉन-से या नामवंत चित्रकाराला सुटायला २००३ साल उजाडले. त्या कायद्याखालच्या नियमांत समलिंगी प्रेम हेच मुलांना अपायकारक म्हणून नोंदलेले होते, ते २००४ मध्ये वगळले गेले. मला वाटते, याचा एक उलटा परिणाम झाला असावा. साधे हात हातात घेणेही जर प्रौढांच्या फडताळात जाणार, तर मग लिहिणारीने हात आखडता का घ्यावा?

पण बळजबरीच का, याचे उत्तर मला चित्रकथांत मिळाले नाही. ते कायद्याच्या पुस्तकात मिळाले. कोरियाचे फौजदारी कायद्याचे पुस्तक १९५३ चे. त्यात बलात्काराचे प्रकरण ज्या मथळ्याखाली होते, त्याचा अर्थ 'शीलाविषयीचे गुन्हे'. गुन्हा बाईविरुद्ध नव्हे, शीलाविरुद्ध! १९५५ साली सोलमध्ये पाक इन-सू नावाच्या माणसाचा खटला गाजला. नौदलाचा अधिकारी म्हणून मिरवायचे, नाचघरांत जायचे आणि लग्नाचे वचन देऊन मुलींना फसवायचे, हा त्याचा उद्योग. सत्तरांहून अधिक स्त्रियांशी त्याचा संबंध आला, असे निघाले. पहिल्या न्यायालयाने त्याला या आरोपातून सोडले. न्यायाधीशांचे म्हणणे असे, की कायदा रक्षण करण्याजोग्या शीलाचेच रक्षण करतो. वरच्या न्यायालयाने पुढे शिक्षा दिली, पण लोकांच्या तोंडी राहिले ते पहिले वाक्य. नाचघरात स्वतःच्या पायांनी गेलेल्या मुलीला रक्षण नाही, हे त्या पिढीच्या प्रत्येक आईने मुलीला ऐकवले असेल. मथळ्यातला तो 'शील' शब्द १९९५ मध्ये गेला. नवऱ्याची बळजबरी हा गुन्हा नव्हे, हा १९७० चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फिरवला.

अशा घरात वाढलेल्या बाईने 'मला हवे आहे' हे वाक्य कुठे उच्चारावे? उच्चारले की शील गेले. मग कथा एक पळवाट काढते : नायिकेला विचारूच नका. तिच्यावर सुख लादा, म्हणजे सुखही मिळाले आणि दोषही लागला नाही. ही पळवाट एकट्या कोरियाची नव्हे. १९१९ साली ई. एम. हल या इंग्रज बाईंनी वाळवंटात पळवून नेलेल्या मुलीची कादंबरी लिहिली. ती मुलगी शेवटी पळवणाऱ्याच्याच प्रेमात पडते. पुस्तक तुफान खपले, १९२१ मध्ये त्याचा मूकपट झाला. अमेरिकेतल्या जॅनिस रॅडवे यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात अशा कादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींना बोलते केले. त्यांचे निदान असे, की नायकाचा आडदांडपणा हे दडलेले प्रेमच होते, असा अर्थ कथा मागाहून लावून देते, आणि जगात ज्याची भीती वाटते ते वाचणारीला पुस्तकापुरते निवलेले दिसते.

आता दोन्ही पात्रे पुरुष केली, की शील नाही, गरोदरपण नाही, सासर नाही. खरे म्हणजे पळवाटेची गरजच संपली. पण साचा हाताला बसलेला होता, तो तसाच नव्या मातीवर दाबला गेला. शिवाय कायद्याची मौज पाहा. बळी पुरुष असेल तर २०१३ च्या जूनपर्यंत कोरियन कायद्यात त्याला बलात्कार म्हणतच नसत. गुन्हा हलक्या कलमात जाई. कलमात 'स्त्री' असा शब्द होता, त्या जूनमध्ये तिथे 'व्यक्ती' शब्द आला. हसण्याचे कारण नाही. २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या आपल्या भारतीय न्याय संहितेतही त्या व्याख्येत पीडित म्हणून स्त्रीच आहे. जे कायद्याला दिसत नव्हते, ते गोष्टीत गुन्ह्यासारखे दिसावे कसे?

त्याच २०१३ साली 'लेझिन' या पेढीने भागागणिक पैसे घेऊन चित्रकथा विकायला सुरुवात केली. आमच्या क्रमशः कादंबऱ्यांचे संपादकही शेवटी नायिकेला विहिरीच्या काठावर उभी करायला सांगत, तोच हा धंदा. भीतीइतका पक्का गळ दुसरा नाही. पण नुसती भीती विकून भागत नाही. या कथांत चढाई करणाऱ्याला 'गोंग' आणि स्वीकारणाऱ्याला 'सू' म्हणतात, आणि गोंगच्या जाती ठरलेल्या आहेत. त्यात एक आहे पस्तावणारा. पूर्वार्धात तो छळतो. उत्तरार्धात सू निघून जातो, आणि हा धिप्पाड, श्रीमंत, कधी कोणापुढे न वाकलेला पुरुष दारात उभा राहून रडतो. मला वाटते, पुष्कळजणी पूर्वार्ध सोसतात तो या रडण्यासाठी. प्रत्यक्षात असा पस्तावा किती बायकांच्या वाट्याला आला आहे? रस्त्यावर मिळत नाही ते माणूस बाजारात विकत घेतो.

म्हणून त्या मुलीला मी दोष देत नाही. वाचणे म्हणजे मागणे नव्हे. पण लिहिणारणीला मी तितक्या स्वस्तात सोडणार नाही. पस्ताव्याची किंमत म्हणून क्षमा ठरलेली असते, आणि सूला 'मला तुझे अश्रू नकोत' म्हणण्याची मुभा कथानकातच नसते, हे मला लबाडीचे वाटते. शिवाय ज्या खऱ्या पुरुषांचे प्रेम उसने घेतले, त्यांचे काय? जपानात १९९२ मध्ये एका समलिंगी पुरुषाने हाच सवाल टाकला आणि वाद पुढे कित्येक वर्षे चालला. कोरियन सैन्यात तर दोन सैनिकांच्या संमतीच्या संबंधालाही शिक्षा होई. खासगी जागी, कामाच्या वेळेबाहेर झालेल्या अशा संबंधाला ते कलम लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. २०१८ च्या जानेवारीत सरकारी वकील सो जी-ह्यॉन यांनी वरिष्ठाने केलेला अतिप्रसंग दूरचित्रवाणीवर सांगितला, तेव्हापासून कोरियातल्या वाचणाऱ्याही आपसात भांडू लागल्या. काहींनी या कथा सोडल्या. आता पुष्कळ कथांवर, डब्यावर पदार्थाची चिठ्ठी असावी तशी, आत बळजबरी आहे अशी खूण असते.

आणि गंमत अशी, की कोरियाची सर्वांत लाडकी गोष्ट या साच्यातली मुळीच नाही. चुनह्यांग ही गणिकेची मुलगी, नवरा राजधानीला गेलेला. गावचा नवा अधिकारी तिला बोलावतो, ती नाही म्हणते, तो तिला दांडक्याने मारतो आणि कोठडीत टाकतो. त्या अधिकाऱ्याच्या पस्ताव्यात कोणाला रस नाही; नवरा राजाचा गुप्त तपासनीस होऊन येतो आणि त्याची खुर्ची काढून घेतो. नामवॉन गावी १९३१ पासून तिच्या नावाचा उत्सव भरतो. एक गायक आणि एक ढोलकी एवढ्यावर ही कथा तासन् तास गातात. त्यातल्या माराच्या गाण्याचे नावच 'दहा दांडक्यांचे गाणे' असे आहे. दांडका पडतो, आकडा मोजला जातो, आणि त्याच आकड्यावर श्लेष करून चुनह्यांग नकार देते. एक, नकार. दोन, नकार. गायकाचा आवाज वरवर चढत जातो, दहापर्यंत.