पारखलेले लोखंड : होल्मन-मूडीची वाटचाल

जून १९५७. अमेरिकेतील मोटार कारखानदारांच्या संघटनेने ठराव केला की, सभासद कंपन्यांनी शर्यतींतून अंग काढून घ्यावे. फोर्डने नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे स्टॉक कार शर्यतींचे मोठे काम उभारले होते. ठरावानंतर तेथील गाड्या, सुटे भाग आणि अवजारे विक्रीला निघाली. ती दोघांनी मिळून घेतली आणि शार्लटच्या विमानतळाच्या आवारात वर्कशॉप थाटले. जॉन होल्मन यांनी मेक्सिकोच्या गाजलेल्या रोड रेससाठी लिंकन संघाचा ट्रक चालवला होता. कोणता भाग कुठे आहे, किती लागेल, कधी पोचेल, हे त्यांना तोंडपाठ असे. मॅसॅच्युसेट्सहून दक्षिणेत आलेले राल्फ मूडी स्वतः शर्यती जिंकलेले ड्रायव्हर आणि हाताने काम करणारे मेकॅनिक होते. एकाकडे व्यवहार, दुसऱ्याकडे कसब. होल्मन-मूडी हे नाव असे जन्माला आले.

पुढच्या पंधरा वर्षांत या नावाने शंभराच्या आसपास मोठ्या शर्यती जिंकल्या. तरी या संस्थेचे सर्वांत मोलाचे काम करंडकांच्या कपाटात सापडत नाही. शर्यतीत जो भाग तुटला तो पुन्हा तुटणार नाही असा बनवायचा, धावपट्टीवर पारखायचा आणि मग तो कोणालाही, अगदी प्रतिस्पर्ध्यालाही विकायचा, ही तिची रीत होती. शर्यतीतली सुरक्षितता या रीतीतून वाढली. आज जुन्या स्टॉक कार पुन्हा उभ्या करणाऱ्यांनी या संस्थेकडून शिकायचे तेही हेच.

रस्त्यावरची गाडी, शर्यतीचा भार

बिल फ्रान्स यांनी डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीचवरील स्ट्रीमलाइन हॉटेलात शर्यतवाल्यांची बैठक बोलावली. त्यातून १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था उभी राहिली. तिच्या ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ गटाची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लटच्या मातीच्या धावपट्टीवर झाली. कोणीही शोरूममधून घेतो तीच गाडी शर्यतीत उतरवायची, असा नियम होता. प्रेक्षकांना त्यातच गोडी वाटे, कारण आपल्या दारात उभी असते तशीच गाडी समोर धावत असे.

धोकाही तिथेच होता. रस्त्यावरची गाडी कुटुंबाला घेऊन बाजारात जाण्यासाठी बनलेली असते. अंडाकृती धावपट्टीवर ती तासन्‌तास डावीकडेच वळते, त्यामुळे सगळा भार उजव्या बाजूच्या चाकांवर येतो. चाकाची भोके फाटत, हब चिरत, एक्सल मोडत. दार उघडू नये म्हणून ड्रायव्हर ते पट्ट्याने बांधून ठेवत.

मागच्या एक्सलचे उदाहरण घ्या. साध्या मोटारीत मागचे चाक थेट एक्सलच्या दांड्यावर बसवलेले असते. तो दांडा चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. वेगात तो मोडला की चाक बाहेर निखळते आणि गाडी कोणाच्याही हातात राहत नाही. मालवाहू ट्रकची रचना वेगळी असते. तिथे हब आणि बेअरिंग बाहेरच्या पोकळ नळीवर बसतात, वजन ती नळी घेते आणि आतला दांडा फक्त फिरवण्याचे काम करतो. त्या रचनेत दांडा मोडला तरी चाक जागेवर राहते, ड्रायव्हर गाडी कडेला घेऊ शकतो. तिला ‘फुल फ्लोटर’ म्हणतात. होल्मन-मूडीने ती शर्यतीच्या फोर्डमध्ये बसवली, मजबूत केली आणि आपल्या कॅटलॉगमधून विकायला ठेवली. ‘कॉम्पिटिशन प्रूव्हन’ हे त्यांचे ब्रीद. ते अशा भागांमुळे खरे ठरले. छोट्या गावात स्वतःच्या गॅरेजमध्ये गाडी बांधणारा माणूसही आता तोच भाग विकत घेऊ शकत होता.

उमेदीची वर्षे

१९५९ मध्ये डेटोनाची अडीच मैलांची नवी धावपट्टी सुरू झाली. होल्मन-मूडीने त्या वर्षी शर्यतीसाठी तयार थंडरबर्ड गाड्या बांधून विकल्या. त्यांतली एक घेऊन जॉनी बोशँप पहिल्या डेटोना ५०० मध्ये ली पेटी यांच्या इतक्या जवळ पोचले की, निकाल लावायला तीन दिवस लागले. छायाचित्रे आणि चित्रफीत तपासून अखेर पेटी विजयी ठरले.

१९६२ मध्ये फोर्ड उघडपणे शर्यतींत परतली आणि शार्लटच्या वर्कशॉपला भरती आली. इलिनॉयचा तरुण फ्रेड लॉरेन्झन पूर्वी इथेच मेकॅनिक होता. १९६० च्या नाताळाच्या आदल्या दिवशी मूडींनी फोन करून त्याला संघाच्या गाडीत बसायला बोलावले. १९६३ च्या एका हंगामात लॉरेन्झनने एक लाख डॉलरहून अधिक बक्षिसे मिळवली. नॅसकारमध्ये तोवर हे कोणाला जमले नव्हते. १९६४ मध्ये तो फक्त १६ शर्यतींत उतरला आणि त्यांतल्या आठ जिंकला.

१९६४ ची आग

त्याच १९६४ मध्ये या खेळाने आपली मोठी माणसे गमावली. जानेवारीत रिव्हरसाइड येथे जो वेदर्ली गेले. ते दोनदा विजेतेपद मिळवलेले ड्रायव्हर होते, पण त्यांनी खांद्याचा पट्टा लावला नव्हता. धडकेत त्यांचे डोके खिडकीबाहेर जाऊन भिंतीवर आदळले.

२४ मे रोजी शार्लटच्या वर्ल्ड ६०० शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स होल्मन-मूडीची २२ क्रमांकाची फोर्ड चालवत होते. सातव्या फेरीत पुढच्या दोन गाड्या एकमेकींना भिडल्या. त्यांना चुकवताना रॉबर्ट्स यांची गाडी मागच्या बाजूने भिंतीवर आदळली, उलटली आणि पेट्रोलची टाकी फुटून तिने पेट घेतला. त्याच टकरीत सापडलेले नेड जॅरेट स्वतःच्या जळत्या गाडीतून बाहेर पडले आणि त्यांनी रॉबर्ट्स यांना ओढून काढले. रॉबर्ट्स यांना दमा होता. आग रोखणाऱ्या रसायनात बुडवलेले कपडे त्यांना सोसत नसत. २ जुलै रोजी त्यांनी प्राण सोडला. वय अवघे पस्तीस होते.

ज्या वर्कशॉपने ती गाडी बांधली, तिथल्या माणसांवर काय गुजरले असेल याची कल्पनाच करावी. साऱ्या शर्यत-जगाला मात्र आता एक गोष्ट टाळता येणार नव्हती. मागे पत्र्याची टाकी आणि त्यात सत्तर-ऐंशी लिटर पेट्रोल घेऊन माणसाला या वेगात धाडायचे नाही. फायरस्टोन कंपनीने शर्यतीच्या गाडीसाठी रबरी पिशवीची टाकी आणली. बाहेर पोलादी पेटी, आत न फाटणारी लवचिक पिशवी, पिशवीत स्पंजासारखा फोम. धक्क्याने पेटी चेपली तरी पिशवी वाकते, फुटत नाही. फोममुळे पेट्रोल हिंदकळत नाही आणि एकदम बाहेर सांडत नाही. आज ज्याला ‘फ्युएल सेल’ म्हणतात ते हेच. पुढच्या काही महिन्यांत टायर चाचण्यांमध्ये जिमी पार्ड्यू आणि बिली वेड यांचे बळी गेले. त्यानंतर टायरच्या आत दुसऱ्या छोट्या टायरसारखे अस्तर आले, म्हणजे बाहेरचा फुटला तरी गाडी आतल्यावर तरते. खिडकीची जाळी यायला १९७० उजाडले. त्या वर्षी डार्लिंग्टनला रिचर्ड पेटी यांची गाडी कोलांट्या खात असताना त्यांचा हात बाहेर लोंबकळताना लोकांनी पाहिला आणि जाळी सक्तीची झाली.

कळस आणि फाटाफूट

१९६५ मध्ये क्रायसलरने हंगामाचा बराच काळ बहिष्कार घातला होता. त्या वर्षी ५५ पैकी ४८ शर्यती फोर्डने जिंकल्या. पुढच्या वर्षी मूडींनी एक मूलगामी प्रयोग केला. फेअरलेन ही हलकी गाडी होती, तिला वेगळी चॅसी नव्हती. त्यांनी मोठ्या गॅलक्सीच्या चॅसीचा पुढचा भाग तिला वेल्डिंगने जोडला. शोरूमची गाडी आणि शर्यतीची गाडी यांच्या वाटा इथून वेगळ्या होऊ लागल्या. पुढे स्टॉक कारचा सांगाडाच नळ्यांनी नव्याने बांधला जाऊ लागला आणि ड्रायव्हरभोवतीचा रोल केज हा गाडीचा कणा झाला.

१९६६ च्या ल मॉं शर्यतीत फोर्ड जीटी४० गाड्यांनी पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. तिसरी आलेली गाडी होल्मन-मूडीची होती. १९६७ ची डेटोना ५०० त्यांच्या फेअरलेनमधून मारियो अँड्रेटी यांनी जिंकली, दुसरा क्रमांक लॉरेन्झनचा. १९६८ आणि १९६९ या दोन्ही वर्षी डेव्हिड पिअर्सन त्यांच्या गाडीतून नॅसकारच्या हंगामाचे विजेते ठरले.

१९७० च्या अखेरीस फोर्डने शर्यतींतून पुन्हा पाय काढला. १९७१ ची वर्ल्ड ६०० बॉबी ॲलिसन यांनी होल्मन-मूडीच्या मर्क्युरीतून जिंकली, पण तो हंगाम संपताना भागीदारीही संपली आणि मूडी बाहेर पडले. १९७५ मध्ये होल्मन यांचे निधन झाले.

वर्कशॉप मात्र तोवर शाळा झाले होते. तिथून बाहेर पडलेल्या डिक हचरसन आणि एडी पेगन यांनी गाड्या बांधण्याचा स्वतःचा कारखाना काढला. इंजिने शिकलेले रॉबर्ट येट्स पुढे संघमालक झाले आणि १९९९ मध्ये त्यांच्या फोर्डमधून डेल जॅरेट हंगामाचे विजेते ठरले. रॉबर्ट्स यांना आगीतून ओढून काढणाऱ्या नेड जॅरेट यांचा हा मुलगा.

जुन्या गाडीला नवा जन्म

जॉन होल्मन यांचे पुत्र ली होल्मन यांनी संस्थेचे नाव पुढे नेले. उरलेले भाग आणि आराखडे यांच्या आधारे त्यांनी जीटी४० मार्क टू पुन्हा बांधल्या आणि जुन्या गाड्यांच्या जीर्णोद्धाराचे काम केले. अमेरिकेत आता अशा स्टॉक कारच्या ऐतिहासिक शर्यती भरतात. इंग्लंडमधील गुडवूडच्या टेकडीवरही त्या गाड्या धावतात. यातली मूळ गाडी सापडणे मुश्कील, कारण हंगाम संपला की गाडीला नवी बॉडी चढे, ती खालच्या गटात विकली जाई आणि शेवटी कोणाच्या तरी गोठ्यात गंजत पडे. जाणकार मग वेल्डिंगचे टाके, कापलेल्या पट्ट्या, बुजवलेली भोके पाहून तिचा इतिहास वाचतो.

खरा प्रश्न त्यानंतर येतो. या गाडीत जुने काय ठेवायचे आणि नवे काय घालायचे? पत्रा, रंग, आकडा, इंजिन, गिअरचा दांडा, सुकाणूचे चाक ही तिची ओळख आहे आणि ती जपलीच पाहिजे. पण स्पिंडल, हब आणि एक्सल यांचे लोखंड साठ वर्षे थकलेले असते. त्यात केसासारखी बारीक चीर असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही. चुंबकीय कणांच्या किंवा रंगद्रवाच्या चाचणीत ती उमटते. चीर दिसली की तो भाग भिंतीवर टांगावा आणि नवा बनवून बसवावा. जुन्या केजच्या नळ्या आतून गंजून पातळ झालेल्या असतात, म्हणून ध्वनिलहरींनी त्यांची जाडी मोजावी लागते.

माणसाला सांभाळणाऱ्या वस्तूंबाबत तर तडजोड नकोच. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या मान्यतेची फ्युएल सेलची पिशवी साधारण पाच वर्षांत बाद होते, कारण रबर उभ्या गाडीतही जुने होत जाते. पट्ट्यांवर मुदतीची तारीख शिवलेली असते. १९६० च्या दशकातील सपाट सीट संग्रहालयात शोभते. शर्यतीत डोके आणि खांदे दोन्ही बाजूंनी धरणारी ॲल्युमिनियमची सीट हवी. सोबत खिडकीची जाळी, आग विझवणारा नळा, बॅटरी तोडण्याचा बाहेरून हाती येणारा खटका आणि मान सांभाळणारे हॅन्स. मिशिगनचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, शर्यतपटू जिम डाउनिंग यांनी हॅन्स १९८० च्या दशकातच बनवले होते. नॅसकारने असे साधन सक्तीचे केले ते २००१ च्या ऑक्टोबरात. त्याआधी दीड वर्षात ॲडम पेटी, केनी अर्विन, टोनी रोपर आणि फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाच्या शेवटच्या वळणावर डेल अर्नहार्ट गेले होते. २००२ पासून धावपट्ट्यांच्या भिंतींना धक्का पचवणारी ‘सेफर’ भिंत लागली; नेब्रास्का विद्यापीठातील डीन सिकिंग यांच्या पथकाने ती घडवली. त्या बदलांनंतर नॅसकारच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांत धावपट्टीवर एकही ड्रायव्हर दगावलेला नाही.

नियमांचाही वाटा आहे. अमेरिकेतील अनेक व्हिंटेज शर्यत संस्था धडक देणाऱ्या दोषी ड्रायव्हरला तेरा महिने बाहेर बसवतात. इथे चुरस असते, पण गाडी आणि माणूस दोन्ही घरी पोचणे हे पहिल्या नंबरापेक्षा मोठे मानले जाते.

२०२५ मध्ये शार्लटच्या नॅसकार हॉल ऑफ फेममध्ये राल्फ मूडी यांचा मरणोत्तर समावेश झाला. त्याच वर्षीचा लँडमार्क पुरस्कार डीन सिकिंग यांना मिळाला. भक्कम गाडी बांधणारा आणि भिंतीचा धक्का पचवणारा, दोघे एकाच यादीत आले, हे अगदी योग्य झाले.

जुन्या गाडीत नवी टाकी, नवे पट्टे, नवी सीट घातली तर तिचे अस्सलपण जाते, असे काही संग्राहक मानतात. होल्मन-मूडीचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. ज्या गाड्यांना आज आपण अस्सल म्हणतो, त्यांत त्या काळी मिळेल तो सर्वांत भक्कम भाग बसवलेला होता आणि उद्या त्याहून भक्कम मिळाला तर आजचा काढून टाकला जात होता. १९६४ सालची टाकी आज तशीच ठेवणे म्हणजे त्या वर्कशॉपने जे शिकून टाकून दिले ते पुन्हा गाडीत बसवणे. जीर्णोद्धार करणाऱ्याने त्यांचा पत्रा जपावा, त्यांचा रंग जपावा आणि त्यांची रीतही जपावी: तुटेल ते बदला, पारखून घ्या आणि जमलेले दुसऱ्यालाही द्या.